समुद्र घरी आणणारा माणूस

मागच्या डिसेंबरात आमच्या हॉस्टेलची ट्रिप गणपतीपुळ्याला गेली होती. दर्शन झालं, फोटो झाले आणि ओहोटी लागल्यावर आम्ही चौघीजणी जवळच्या खडकांवर हिंडायला गेलो. खडकांच्या खाचांत पाणी साचलं होतं आणि एका खाचेत दगडाला चिकटून एक समुद्रफूल बसलं होतं. समुद्रफूल म्हणजे सी ॲनिमोन. दिसतं फुलासारखं, पण आहे प्राणी, प्रवाळाचं चुलत भावंडच. मी तो दगड, शंखात राहणारे दोन खेकडे आणि दोन बाटल्या समुद्राचं पाणी घेऊन बसमध्ये चढले. आंबा घाट चढून कोल्हापूरला येईपर्यंत सगळं ठीक होतं. रूमवर आल्यावर सगळं बादलीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी पाणी गढूळ झालं, तिसऱ्या दिवशी वास सुटला आणि चौथ्या दिवशी रेक्टर मॅडमनी बादलीसकट मला खाली बोलावलं. पुढचं सांगत नाही.

बोलणी खाल्ल्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटलं की ते जीव तिकडे मजेत होते. मला आवडले, म्हणून मेले.

आमच्या डिपार्टमेंटच्या एका सरांना हे सांगितलं तर ते हसले. म्हणाले, पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका माणसाने हाच उद्योग केला होता आणि त्याला तो जमला होता. नाव फिलिप हेन्री गॉस. (आपल्याला मॅथ्सच्या पेपरात छळणारा गाऊस वेगळा, तो जर्मन. हा इंग्रज.) सरांनी दिलेल्या धाग्यावरून मी त्याच्याबद्दल जे मिळेल ते वाचत गेले. तीच गोष्ट इथे सांगते. मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठी लिहिताना हात जरा अडखळतो. चूकभूल सांभाळून घ्यावी.

गॉसचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजी इंग्लंडमधल्या वूस्टर गावी झाला. वडील गावोगाव फिरून छोटी व्यक्तिचित्रं काढायचे. त्यात पोट कसंबसं भरायचं. फिलिपचं बालपण पूल नावाच्या बंदरात गेलं. तिथे त्याची एक आत्या होती. तिला प्राण्यांची, किड्यांची भारी आवड. बंदरातल्या खडकांवर त्याला समुद्रफुलं सापडली तेव्हा ती समुद्राच्या पाण्यात जिवंत ठेवून बघ, असं तिनेच त्याला सुचवलं. कॉलेजबिलेज त्याच्या नशिबात नव्हतं. पंधराव्या वर्षी तो एका व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकून म्हणून लागला आणि १८२७ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, त्याला थेट न्यूफाउंडलंडला कार्बोनिअर या बंदरात धाडलं गेलं. दिवसभर हिशेबाच्या वह्या लिहायच्या आणि उरलेल्या वेळात किडे पकडून त्यांची चित्रं काढायची, अशी त्याने आठ वर्षं काढली. मायक्रोस्कोपवरचं एक जुनं पुस्तक विकत घेतलं आणि त्याचंच बोट धरून तो शिकत गेला. आपण लॅबमध्ये मायक्रोस्कोप फक्त जर्नल पूर्ण करण्यापुरता बघतो, हे इथे नाइलाजाने आठवतं.

१८३५ मध्ये नोकरी सोडून तो कॅनडात शेती करायला गेला. शेती बुडाली. १८३८ मध्ये अमेरिकेत अलाबामाला काही महिने मास्तरकी केली. तिथली गुलामगिरी त्याला बघवेना. शेवटी १८३९ मध्ये खिशात फारसं काही नसताना तो इंग्लंडला परतला. येताना जहाजावर मात्र कॅनडातल्या निसर्गावरचं एक पुस्तक लिहीत होता. १८४० मध्ये ते छापलं गेलं आणि लेखक म्हणून त्याचं आयुष्य सुरू झालं. पुढे १८४४ ते १८४६ तो जमैकात होता. तिथल्या पक्ष्यांवरचं त्याचं पुस्तक आजही मानलं जातं. १८४८ मध्ये एमिली बोज हिच्याशी लग्न झालं आणि पुढच्याच वर्षी मुलगा एडमंड जन्मला. त्या दिवशी गॉसने डायरीत मुलगा झाल्याची नोंद केली आणि लगेच पुढे जमैकाहून एक हिरवी पाकोळी आल्याचीही! असा हा गृहस्थ.

आता मूळ मुद्दा. १८५२ च्या सुरुवातीला अतिकामाने गॉसचं डोकं सतत दुखायला लागलं. म्हणून हवापालटासाठी तो कुटुंबासह डेव्हनच्या किनाऱ्यावर गेला. तिथे ओहोटीला खडकांवर हिंडणं हेच त्याचं औषध झालं आणि लहानपणीचा उद्योग परत सुरू झाला : समुद्राचे जीव घरात काचेच्या भांड्यात जगवायचे.

हे करणारा तो पहिला नव्हता. जान व्हिलप्रू-पॉवर या फ्रेंच बाईंनी सिसिलीमध्ये १८३२ सालीच काचेच्या टाक्या करून त्यात सागरी जीव अभ्यासले होते. ॲना थिन या बाईंनी १८४६ मध्ये टॉर्की गावाहून जिवंत प्रवाळ लंडनला घरी नेलं होतं. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत बसायची. म्हणजे आजच्या एअर पंपाचं काम बिचारीच्या हातांनी होत होतं. मग रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या केमिस्टने (आमच्या ब्रँचचा माणूस!) यातलं मर्म पकडलं. त्याने एका टाकीत गोल्डफिश, एक पाणवनस्पती आणि गोगलगाई एकत्र ठेवल्या. वनस्पती प्रकाशात ऑक्सिजन सोडते, तो मासा घेतो. माशाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड वनस्पती घेते. आणि कुजकी पानं गोगलगाई साफ करतात. १८५० मध्ये त्याने हे लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडलं. गोड्या पाण्यात जमलेलं हे गणित समुद्राच्या पाण्यातही जमवायचा त्याचा प्रयत्न चालू होता आणि त्याच वेळी गॉसही स्वतंत्रपणे तेच करत होता.

गॉसने हिरवं समुद्री शेवाळ लहान दगडासकट आणून भांड्यात ठेवलं, ते आधी स्थिरावू दिलं आणि मग मोजकेच प्राणी सोडले. पाणी महिनोन्महिने न बदलता जीव जगले. आज दुकानात जे लो मेंटेनन्स टँक म्हणून सांगतात त्याचं मूळ हेच. लो मेंटेनन्स म्हणजे काहीच न करणं नव्हे. टाकीतल्या जिवांनी एकमेकांचं काम करावं अशी मांडणी आधीच करून ठेवणं, असा त्याचा अर्थ. माझ्या बादलीत यातलं काय होतं? शेवाळ नाही, प्रकाश नाही, आणि चार लिटर पाण्यात तीन प्राणी. आकडेमोड केली असती तर चौथा दिवस आधीच दिसला असता.

मे १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात फिश हाऊस उघडलं. जगातलं हे पहिलं सार्वजनिक मत्स्यालय, आणि त्यासाठी गॉसने गोळा केलेले जीव गेले होते. (आपल्या मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये, म्हणजे त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी आलं. आठवीच्या सहलीत मी तिथे काचेला नाक लावून उभी होते आणि बाई ओढत होत्या.) १८५४ मध्ये गॉसचं द ॲक्वेरियम हे पुस्तक निघालं. आज आपण ॲक्वेरियम हा शब्द ज्या अर्थाने वापरतो तो या पुस्तकाने रूढ केला.

त्याच वर्षी त्याने आम्हा केमिकलवाल्यांना आवडेल असं आणखी एक काम केलं. समुद्रापासून लांब राहणाऱ्यांनी काय करायचं? त्याने समुद्राच्या पाण्याचं तेव्हा उपलब्ध असलेलं पृथक्करण घेतलं आणि कृत्रिम समुद्र बनवला. साधारण साडेचार लिटर पाण्याला १०० ग्रॅमच्या आसपास साधं मीठ, ७ ग्रॅम एप्सम सॉल्ट, १३ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड आणि अडीच ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड. बस्स. त्या पाण्यात आधी शेवाळ ठेवून ते मुरू दिलं, मग प्राणी सोडले, आणि ते जगले. या यादीत कॅल्शियमचा क्षार नाही. प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतं, त्यामुळे आजच्या रीफ सॉल्टमध्ये कॅल्शियम जपून मोजलेलं असतं आणि लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार धरतात. पण मूळ कल्पना गॉसचीच. कोल्हापूरसारख्या घाटावरच्या गावात समुद्र बनवता येतो तो या हिशेबामुळे.

इथपर्यंत ही यशाची गोष्ट आहे. पुढचा भाग वाचून मात्र मी पुस्तक मिटून बसले.

गॉसची पुस्तकं सोपी, त्यातली चित्रं रंगीत आणि त्याने स्वतः काढलेली. १८४५ मध्ये इंग्लंडने काचेवरचा कर उठवला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली होती. रेल्वे समुद्रापर्यंत पोचली होती. झालं, सगळ्या इंग्लंडला वेड लागलं. दिवाणखान्यात समुद्राची टाकी हवीच! लोक छिन्नी-हातोडा आणि बरण्या घेऊन किनाऱ्यावर उतरले. लंडनमध्ये सागरी जीव विकणारी दुकानं निघाली. बहुतेकांच्या टाक्या माझ्या बादलीसारख्याच संपल्या आणि ते परत नवे जीव आणायला गेले. थोड्याच वर्षांत ते वेड ओसरलं, पण तोवर खडकांतली डबकी, जी हजारो वर्षं कुणी हलवली नव्हती, ओरबाडून रिकामी झाली होती. एडमंड गॉसने पुढे १९०७ मध्ये फादर अँड सन या पुस्तकात याबद्दल फार कळवळून लिहिलं. आपल्याच पुस्तकांमुळे हे घडलं, याचं दुःख वडिलांना होतं, असं त्यात आहे. ज्याने समुद्रावर सगळ्यांत जास्त प्रेम केलं, त्याच्याच हातून किनारा लुटला गेला.

त्याचं घरही याच काळात कोसळलं. फेब्रुवारी १८५७ मध्ये एमिली स्तनाच्या कॅन्सरने गेली. उपचारांचे खूप हाल सोसून गेली. त्याच वर्षी त्याने ऑम्फॅलॉस हे पुस्तक काढलं. भूगर्भशास्त्र आणि बायबलमधली सृष्टीची उत्पत्ती यांचा मेळ घालायचा तो प्रयत्न होता. तो ना शास्त्रज्ञांना पटला, ना धार्मिकांना. लहानग्या एडमंडला घेऊन तो टॉर्कीजवळच्या सेंट मेरीचर्चला राहायला गेला आणि पुन्हा खडकांवर उतरला. १८६० मध्ये ब्रिटनच्या समुद्रफुलांवरचा त्याचा मोठा ग्रंथ पुरा झाला. त्याच वर्षी त्याने एलायझा ब्राइटवेनशी दुसरं लग्न केलं. मायक्रोस्कोप त्याने शेवटपर्यंत सोडला नाही. २३ ऑगस्ट १८८८ रोजी तो गेला.

गॉसला एक गोष्ट कळायची राहून गेली. प्राण्यांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो, आणि दगडांवर वाढणारे जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे जीवाणू विनोग्रॅडस्कीने वेगळे करून दाखवले ते १८९० च्या सुमाराला. म्हणजे टाकी स्वच्छ राखणारे अर्धे कामगार गॉसला दिसलेच नव्हते. १९६१ मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी समुद्रातले जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळाची टाकी चालते असं मांडलं आणि गॉसचं गणित पुरं झालं.

आता माझं. उन्हाळ्याच्या सुट्टीत बाबांनी मला दोन फुटी टाकी घेऊन दिली, साधारण ५५ लिटरची. एका दुकानात विचारायला गेले तर दुकानदाराने आतून एक जिवंत प्रवाळाचा तुकडा आणून दाखवला. स्वस्तात देतो म्हणाला, बिल मात्र नाही. तुकडा सुंदर होता, खोटं कशाला बोलू. पण आपल्याकडचं कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. आणि हे लांबच्या समुद्राचं प्रकरण नाही. मालवणच्या पाण्यात प्रवाळ आहे. विजयदुर्गपासून शंभराहून थोडे जास्त किलोमीटर आत समुद्राखाली अँग्रिया बँक नावाचा मोठा प्रवाळपट्टा आहे, त्याला कान्होजी आंग्र्यांचं नाव आहे. तो तुकडा कुठून आला होता कुणास ठाऊक. मी फक्त मिठाचं पाकीट घेऊन परत आले.

सध्या टाकीत मिठाचं पाणी, कोरडे दगड, एक छोटा पंप आणि टायमरवरचा दिवा एवढंच आहे. पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहतं, म्हणून पातळी उतरली की आई साधं आरओचं पाणी घालते. अमोनिया शून्यावर येईपर्यंत, म्हणजे महिना-दीड महिना, आत काहीही सोडायचं नाही असं मी ठरवलंय. घरी आलेला प्रत्येक पाहुणा विचारतो की मासे कुठायत. आई सांगते, आमची पोरगी पाणी पाळते.

यंदा हॉस्टेलची ट्रिप परत कोकणात जाईल तेव्हा ओहोटीला मी त्याच खडकांवर जाणार आहे. बाटली मात्र फक्त पिण्याच्या पाण्याची असेल, आणि ती रिकामीच परत येईल.

— तृतीय वर्ष (केमिकल), मुलींचे वसतिगृह