अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हाती आलेला कॅमेरा

मैत्रिणींनो, चाळिशी ओलांडली की आपल्यातल्या बऱ्याच जणी म्हणतात, आता या वयात काय नवीन शिकायचं? मीही तेच म्हणायचे. मग ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉनची गोष्ट वाचली आणि गप्पच बसले.

ज्युलियाचा जन्म १८१५ सालचा, कलकत्त्यातला. वडील ईस्ट इंडिया कंपनीत अधिकारी. १८३८ मध्ये कलकत्त्यातच चार्ल्स कॅमेरॉन या कायदेपंडिताशी तिचं लग्न झालं. नवरा वीस वर्षांनी मोठा. १८४८ मध्ये हे कुटुंब इंग्लंडला गेलं आणि पुढे आइल ऑफ वाइट बेटावर राहू लागलं. पोटची सहा मुलं, शिवाय सांभाळलेली इतरांची, पैपाहुण्यांची सदा वर्दळ. वर्षं कशी गेली कळलंच नाही. मग मुलं मोठी झाली, लेकीचं लग्न झालं, नवरा कॉफीच्या मळ्यांसाठी सिलोनला. घर खायला उठलं. तेव्हा १८६३ च्या डिसेंबरात लेक-जावयाने आईचा वेळ जावा म्हणून तिला कॅमेरा दिला. वय अठ्ठेचाळीस!

त्या काळी फोटो काढणं म्हणजे मोठा खटाटोप. काचेला रसायन लावायचं, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच अंधारात धुवायचा. हात काळे पडायचे. ज्युलियाने कोळशाच्या खोलीची डार्करूम केली, कोंबड्यांच्या काचेच्या खुराड्याचा स्टुडिओ. पहिला फोटो तर तिच्याच हाताने पुसला गेला. पण महिनाभरात, १८६४ च्या जानेवारीत, ॲनी फिलपॉट या लहान मुलीचा फोटो मनासारखा उतरला आणि बाई हरखून गेली.

विषय शोधायला ती लांब गेली नाही. घरात काम करणारी मेरी हिलियर तिच्या फोटोत येशूची आई झाली. शेजारी राहणारा कवी टेनिसन, पाहुणा आलेला डार्विन, भाची ज्युलिया जॅक्सन, सगळ्यांना तिने समोर बसवलं. चेहरा अगदी जवळून, उजेड एका बाजूने, बाकी काळोख आणि कडा किंचित पुसट.

जाणकारांनी नाकं मुरडली. हिला फोकस जमत नाही, काचेवर ओरखडे नि बोटांचे ठसे राहतात, असं म्हणाले. ज्युलियाने पुढे मोठा कॅमेरा घेतला, तरी पुसटपणा सोडला नाही. डोळ्यांना सुंदर दिसलं की ती तिथेच थांबायची. लोकांनी जिला चूक म्हटलं, तीच तिची ओळख ठरली. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमने १८६५ मध्ये तिचे फोटो विकत घेतले, १८६८ मध्ये फोटो काढायला दोन खोल्याही दिल्या.

सगळं गोड झालं असं नाही. फोटो विकून संसाराला हातभार लागावा ही आशा फारशी फळली नाही. जिने कॅमेरा दिला ती लेक १८७३ मध्ये गेली. १८७५ मध्ये नवऱ्यासोबत ज्युलिया सिलोनला गेली. तिथे मळ्यातल्या मजुरांचे थोडे फोटो काढले आणि १८७९ मध्ये तिथेच डोळे मिटले. तिच्या हाती मिळाली होती जेमतेम पंधरा वर्षं.

आज आपल्या हातात मोबाईल आहे. हात काळे करायला नकोत. दुपारी खिडकीशी धान्य निवडत बसलेल्या सासूबाईंचा चेहरा एकदा नीट बघा तरी. फोटो थोडा हलला तर लगेच पुसून टाकू नका. कदाचित तोच तुमचा असेल.