इंग्लिश खाडी ओलांडणारा ब्लेरिओ

गुंदच्या रानावरून विमानाचा घरघराट ऐकू आला की आमचे विद्यार्थी पुस्तक मिटून आकाशाकडे पाहू लागतात. वर एंजिन बंद पडले तर विमान दगडासारखे खाली येईल का, असे एका मुलाने आम्हांस विचारले. तेव्हा आम्हांस लुई ब्लेरिओ या फ्रेंच वैमानिकाचे चरित्र आठवले.

ब्लेरिओचा जन्म १ जुलै १८७२ रोजी फ्रान्समधील कांब्रे येथे झाला. एंजिनीअर झाल्यावर त्याने मोटारींच्या दिव्यांचा धंदा काढला. त्यात मिळालेला पैसा विमानांच्या प्रयोगांत खर्ची पडू लागला. विमानामागून विमान मोडले. परंतु प्रत्येक अपघातातून काही शिकून तो पुढचे विमान निराळ्या रचनेचे बांधी.

इंग्लिश खाडी विमानाने ओलांडणारास लंडनच्या डेली मेल या वृत्तपत्राने एक हजार पौंडांचे बक्षीस जाहीर केले होते. १९ जुलै १९०९ रोजी ह्यूबर्ट लॅथम प्रथम निघाला. पण ऐन समुद्रावर त्याचे एंजिन बंद पडले. एंजिन थांबले तरी पंखांखालची हवा विमानास काही काळ तोलून धरते. नाक किंचित खाली ठेवून वेग राखला, तर ते तरंगत उतरते. लॅथमने न गोंधळता तसेच विमान पाण्यावर टेकविले. लाकडाकापडाचे ते हलके यान बुडाले नाही, आणि फ्रेंच आरमाराच्या जहाजाने त्यास वाचविले.

हे ठाऊक असूनही सहाच दिवसांनी, २५ जुलै रोजी पहाटे, ब्लेरिओ कॅलेजवळून उडाला. पाय भाजल्यामुळे तो कुबड्या घेऊन चालत होता. एंजिन अवघे २५ अश्वशक्तीचे, लवकर तापणारे. जवळ होकायंत्रही नव्हते. काही मिनिटे त्यास ना किनारा दिसे, ना जहाज. वाटेत पावसाच्या सरीने एंजिन निवले, असे सांगतात. डोव्हरच्या किल्ल्याजवळ वारा विमानास हेलकावे देऊ लागला, तेव्हा त्याने सुमारे वीस मीटर उंचीवर स्वतःच एंजिन बंद केले. विमान जमिनीवर आदळले, चाकांचा सांगाडा व पंखा मोडला. ब्लेरिओ मात्र सुखरूप राहिला. सुमारे साडेछत्तीस मिनिटांत खाडी ओलांडली गेली होती.

पुढे फ्रान्सच्या हार्डेलो येथील समुद्रकिनाऱ्यावर ब्लेरिओ कुटुंबाच्या शेजारी टाटा कुटुंब राही. तेथे उतरणारी विमाने पाहून लहानग्या जहांगीर टाटांना उड्डाणाचा ध्यास लागला. त्यांनीच १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन मुंबईस जुहू येथे विमान उतरविले. १ ऑगस्ट १९३६ रोजी ब्लेरिओ निवर्तला.

एकदा नापास झाल्याने शाळा सोडणारी मुले आम्ही पाहतो. विद्यार्थ्यांनो, एंजिन थांबले म्हणजे प्रवास संपला असे नव्हे. धीराने खाली उतरावे, काय बिघडले ते पाहावे आणि पुन्हा उडावे.