वडापावचे जनक अशोक वैद्य कोण होते? जुन्नर-आंबेगावचा त्याच्याशी काय संबंध?

मंचरच्या एसटी स्टँडवर उतरा किंवा नारायणगावात थांबा, वडापावची गाडी दिसतेच. पण वडा पावात गेला तो मुंबईतल्या दादरला. त्याचं श्रेय अशोक वैद्य यांना दिलं जातं.

सुरुवात कशी झाली?
वैद्य यांनी १९६६ मध्ये दादर स्टेशनबाहेर खाण्याची गाडी लावली. शिवसेनेची स्थापनाही त्याच वर्षी झाली. मराठी तरुणांनी छोटे धंदे करावेत, असं वातावरण तेव्हा तयार होत होतं. वैद्य बटाटेवडे विकत, शेजारच्या गाडीवर ऑम्लेट-पाव मिळे. वैद्य यांनी वडा पावात ठेवला, चटणी लावली आणि वडापाव तयार झाला, असं सांगितलं जातं. त्याच सुमारास दादरच्याच सुधाकर म्हात्रे यांनीही वडापाव विकायला सुरुवात केल्याचं म्हटलं जातं.

तो इतका का चालला?
ताट नको, बसायला जागा नको. लोकल पकडायच्या घाईतल्या गिरणी कामगाराला उभ्या उभ्या स्वस्तात पोटभर खाता येई.

गावोगावी कसा पोहोचला?
१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचा रोजगार अडला. त्यातल्या अनेकांनी वडापावच्या गाड्या टाकल्या. थोडं भांडवल, एक कढई आणि घरच्यांचे हात एवढ्यावर धंदा उभा राहत होता.

आपला वाटा कोणता?
बटाटा आणि पाव दोन्ही पोर्तुगीजांमुळे आपल्याकडे आले. आज आंबेगावच्या सातगाव पठारावरचे शेतकरी पावसाच्या भरवशावर बटाटा घेतात. मंचरची बाजारपेठ बटाटा बियाण्यासाठी ओळखली जाते, तर जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात कोथिंबिरीच्या जुड्यांचे लिलाव होतात. पाऊस लांबला किंवा भाव पडला, तर फटका आधी या शेतकऱ्याला बसतो. गाडीवरच्या वड्याची किंमत मात्र बटाटा स्वस्त झाला म्हणून उतरत नाही.

वैद्य यांच्यामागे काय उरलं?
१९९८ मध्ये त्यांचं निधन झालं. वडापाववर कुणा एकाची मक्तेदारी राहिली नाही, म्हणूनच तो हजारो घरांची चूल पेटवू शकला. २३ ऑगस्टला जागतिक वडापाव दिन साजरा होतो. त्या दिवशी पहिला घास घेताना दादरच्या त्या गाडीची आठवण काढा, आणि सातगाव पठारावर बटाटा काढणाऱ्या हातांचीही.