टोपीवरची चिठ्ठी

नवी साडी नेसून लग्नाला गेले आणि पदराला किमतीची चिठ्ठी तशीच! मैत्रिणींनो, मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. सारा कोलीने मात्र टोपीवरच्या अशाच चिठ्ठीवर जन्म काढला.

अमेरिकेतल्या टेनेसीत १९१२ साली जन्मलेली ही मुलगी खात्यापित्या घरची, नॅशव्हिलच्या कॉलेजात नाटक शिकलेली. गावोगावी हौशी नाटकं बसवत फिरताना अलाबामाच्या डोंगरात एका बाईकडे मुक्काम पडला. तिच्या बोलण्यावरून साराने मिनी पर्ल रचली. खेडवळ, भोळी, नवऱ्याच्या शोधातली.

१९४० मध्ये ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कंट्री संगीताच्या रेडिओ कार्यक्रमात तिला संधी मिळाली, पण साहेबलोक धास्तावले. शिकलेली पोरगी खेडुतांची टिंगल करतेय असं श्रोत्यांना वाटलं तर? म्हणून वेळ दिली रात्री अकरानंतरची! श्रोत्यांनी मात्र तिला घरचीच मानली. मला वाटतं, ती हसायची ते स्वतःलाच, म्हणून. पुढे पन्नास वर्षं ती ऑप्रीत होती. रेडिओवर टोपी कोणाला दिसणार म्हणा! १९६९ पासून टीव्हीवरच्या ‘ही हॉ’मुळे ती १.९८ डॉलरची चिठ्ठी घरोघरी पोचली.

१९८५ मध्ये स्तनांचा कर्करोग झाला, शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर बायकांनो, तपासून घ्या, असं ती उघडपणे सांगू लागली. मिनी म्हणून नव्हे, लग्नानंतरची सारा कॅनन म्हणून. १९९६ मध्ये ती गेली. नॅशव्हिलच्या कर्करोग केंद्राला नाव आहे तेही सारा कॅननचंच.