एका शिक्क्याचे मोल

परदेशी निघालेल्या माणसाला पासपोर्ट त्याचा स्वतःचा देश देतो. व्हिसा मात्र जिथे जायचे तो देश देतो. वाटेत ज्या देशात उतरायचे असेल त्याचा बहुतेकदा वेगळा ट्रान्झिट व्हिसा काढावा लागतो. तो देताना दोन गोष्टी हमखास पाहिल्या जातात. पुढच्या देशात प्रवेशाची सोय झाली आहे काय आणि तिथवर पोचण्यापुरते पैसे जवळ आहेत काय. प्रवाशाने वाटेतच मुक्काम ठोकून बसू नये, एवढाच या अटींचा हेतू. सहलीला जाणाऱ्या कुटुंबाला त्यांचा जाच फार तर दोन-चार फेऱ्यांपुरता होतो. १९४० च्या उन्हाळ्यात लिथुआनियातील कौनास शहरात अडकलेल्या हजारो ज्यू निर्वासितांसाठी मात्र याच अटींवर जगणे किंवा मरणे अवलंबून होते. त्या अटी तपासण्याचे काम ज्यांच्याकडे होते, ते जपानचे उपवाणिज्यदूत म्हणजे चिउने सुगिहारा.

सुगिहारा यांचा जन्म १ जानेवारी १९०० रोजी जपानच्या गिफू प्रांतात एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. वडील सरकारी नोकरीत. मुलाने डॉक्टर व्हावे ही त्यांची इच्छा होती. मुलाला त्यात रस नव्हता. वैद्यकीय प्रवेश परीक्षेत केवळ नाव लिहून कोरी उत्तरपत्रिका देऊन ते बाहेर पडले आणि वडिलांचा रोष पत्करून टोकियोच्या वासेदा विद्यापीठात दाखल झाले. घरून पैसे येत नव्हते. किरकोळ कामे करून शिक्षण चालले असतानाच परराष्ट्र खात्याच्या शिष्यवृत्तीची जाहिरात त्यांच्या पाहण्यात आली. १९१९ मध्ये परीक्षा उत्तीर्ण होऊन ते रशियन भाषा शिकण्यासाठी मांचुरियातील हार्बिन शहरी गेले. रशियन राज्यक्रांतीनंतर परागंदा झालेल्या हजारो रशियनांनी हे शहर भरलेले होते. देश हरवलेल्या माणसांचे जगणे सुगिहारा यांनी तेथे जवळून पाहिले. त्यांची पहिली पत्नीही रशियनच होती आणि त्या काळात त्यांनी ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

पुढे जपानने मांचुरिया गिळंकृत करून मांचुकुओ हे बाहुले राज्य उभे केले. त्याच्या परराष्ट्र खात्यात सुगिहारा यांची नेमणूक झाली. उत्तर मांचुरियातील रेल्वे सोव्हिएत संघाकडून विकत घेण्याच्या वाटाघाटींत त्यांनी रुळांची, डब्यांची खडान्‌खडा माहिती गोळा करून सोव्हिएतांनी मागितलेली किंमत बरीच खाली आणली. खात्यात त्यांचे वजन वाढले. पण स्थानिक चिनी लोकांना जपानी अधिकारी देत असलेली वागणूक त्यांना पाहवेना. १९३५ मध्ये त्यांनी ते पद सोडले आणि ते टोकियोला परतले. त्याच सुमारास पहिला विवाह संपुष्टात आला. नंतर युकिको यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

रेल्वेच्या व्यवहारातील यशाची किंमत त्यांना लवकरच मोजावी लागली. मॉस्कोतील जपानी दूतावासात दुभाषा म्हणून त्यांची नेमणूक झाली, तेव्हा सोव्हिएत सरकारने त्यांना व्हिसा नाकारला. जपानने निषेध नोंदवला. उपयोग झाला नाही. अखेर १९३७ मध्ये त्यांना फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे पाठवण्यात आले. व्हिशावर कारण लिहून मिळत नाही आणि नकारावर दादही मागता येत नाही, हा अनुभव त्यांनी स्वतः घेतलेला होता.

१९३९ च्या अखेरीस त्यांची कौनासला बदली झाली. या शहरात जपानी नागरिक नव्हते, व्यापारही नव्हता. तरीही तेथे वाणिज्य दूतावास उघडण्याचे कारण होते जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांच्या सीमेवरील सैन्याच्या हालचाली. त्या टिपून टोकियोला कळवणे हे सुगिहारा यांचे खरे काम. व्हिसा देण्याचे काम नावापुरतेच होते.

परिस्थिती पालटली ती १९४० च्या जूनमध्ये. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पोलंडवर आक्रमण केल्यानंतर हजारो पोलिश ज्यू लिथुआनियात आश्रयाला आले होते. आता सोव्हिएत फौजा लिथुआनियात शिरल्या. पश्चिमेला जर्मनी, पूर्वेला सोव्हिएत संघ. युरोपातून बाहेर पडण्याचे सागरी मार्ग जवळपास बंद झालेले. उरला एकच रस्ता : रेल्वेने सायबेरिया ओलांडून व्लादिवोस्तोक, तेथून बोटीने जपान आणि पुढे मिळेल तो देश. सोव्हिएत अधिकारी बाहेर पडण्याचा परवाना देणार होते, पण पुढच्या देशाचा, म्हणजे जपानचा व्हिसा असेल तरच. जपान ट्रान्झिट व्हिसा देणार होता, पण अंतिम मुक्कामाच्या देशाने प्रवेश दिला असेल तरच. आणि या माणसांना प्रवेश देण्यास कोणताही देश तयार नव्हता. साखळी जोडायची तर शेवटच्या कडीपासून सुरुवात करावी लागत होती आणि ती कडीच सापडत नव्हती.

ती कडी नेदरलँड्सच्या दोन प्रतिनिधींनी पुरवली. कॅरिबियन समुद्रातील क्युरासाओ आणि दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम या तेव्हा डच वसाहती होत्या. तेथे व्हिसा लागत नसे. उतरू द्यायचे की नाही हे सर्वस्वी तेथील गव्हर्नरच्या मर्जीवर असे आणि ती परवानगी क्वचितच मिळे. रीगा येथील डच राजदूत डे डेकर यांनी शेऱ्यातील पहिले वाक्य ठेवले आणि गव्हर्नरचा उल्लेख गाळला. कौनासमधील फिलिप्स कंपनीचे प्रमुख यान झ्वार्टेन्डाइक यांच्याकडे नुकतेच मानद वाणिज्यदूताचे काम आले होते. त्यांनी हाच अर्धा शेरा जुलैच्या अखेरीपासून जेमतेम दोन आठवड्यांत दोन हजारांहून अधिक लोकांच्या कागदपत्रांवर लिहून दिला. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. क्युरासाओला जाण्याचा मात्र कोणाचाही विचार नव्हता.

हा शेरा घेऊन माणसे जपानी दूतावासाच्या फाटकाशी जमू लागली. पहाटे खिडकीचा पडदा सारला तर रस्त्यावर शेकडो लोक उभे, असे दृश्य सुगिहारा कुटुंबाने पाहिले. निर्वासितांच्या वतीने झोराख वारहाफ्टिग आणि इतर प्रतिनिधी आत येऊन बोलले. टोकियोचे धोरण स्पष्ट होते. अंतिम देशाच्या प्रवेशाची पूर्तता आणि प्रवासाचा व मुक्कामाचा पुरेसा पैसा असल्याखेरीज व्हिसा देऊ नये. जपान तेव्हा जर्मनी व इटलीशी करार करण्याच्या बेतात होता. घरात पत्नी, तीन लहान मुले. त्यातला धाकटा हारुकी त्याच वर्षी जन्मलेला. सुगिहारा यांनी पत्नीशी विचारविनिमय केला आणि व्हिसा द्यायला सुरुवात केली.

ऑगस्ट महिनाभर ते सकाळपासून रात्रीपर्यंत लिहीत होते. जपानी लिपीत हाताने लिहायचा मजकूर लांब असे. पुढे वेळ वाचवण्यासाठी त्याचा काही भाग शिक्क्याने उमटवला जाऊ लागला. हात आखडून जात आणि रात्री युकिको तो चोळून देत. १६ ऑगस्टला परराष्ट्रमंत्री योसुके मात्सुओका यांची तार आली. लिथुआनियातून आलेल्या काही प्रवाशांजवळ पैसा नाही आणि पुढच्या देशाचे कागदही नाहीत, अशी तक्रार करून अटी काटेकोर पाळण्यास त्यात बजावले होते. सुगिहारा यांनी काम थांबवले नाही. सप्टेंबरच्या आरंभी पाठवलेल्या उत्तरात त्यांनी खुलासा केला, की या लोकांना गाठता येईल असा दुसरा दूतावास जवळपास नाही आणि उरलेली पूर्तता व्लादिवोस्तोकला बोटीत चढण्यापूर्वी करण्याच्या अटीवर व्हिसे दिले आहेत. तोवर बहुतेक व्हिसे देऊन झाले होते. ३ ऑगस्टला लिथुआनिया सोव्हिएत संघात विलीन झाला होता आणि परदेशी दूतावासांना गाशा गुंडाळण्याचे आदेश मिळाले होते. दूतावास बंद झाल्यावर हॉटेलातून आणि शेवटी रेल्वे स्थानकावरूनही त्यांनी कागद लिहून दिल्याचे सांगतात. परराष्ट्र खात्याच्या दप्तरी असलेल्या यादीत २,१०० हून अधिक नावे आहेत. एका व्हिशावर अनेकदा सारे कुटुंब प्रवास करी, त्यामुळे वाचलेल्यांची संख्या कितीतरी मोठी मानली जाते. सहा हजारांचा आकडा नेहमी दिला जातो.

व्हिसा मिळाला म्हणजे प्रवेश मिळाला असे नसते, हे आजच्या प्रवाशालाही ठाऊक आहे. अंतिम निर्णय सीमेवरचा अधिकारी घेतो. निर्वासितांनाही तो अनुभव आला. हजारो किलोमीटरचा रेल्वे प्रवास करून ती माणसे व्लादिवोस्तोकला पोचली, तेव्हा त्यांचे कागद पुन्हा तपासण्याचे आदेश टोकियोहून तेथील जपानी दूतावासाला मिळाले. तेथील प्रभारी अधिकारी साबुरो नेई यांनी कळवले, की जपानच्या एका वाणिज्यदूताने दिलेला व्हिसा दुसऱ्याने अमान्य केल्यास देशाचीच पत जाईल. मार्च १९४१ मध्ये क्युरासाओचा शेरा नसलेल्या सत्तरहून अधिक प्रवाशांना त्सुरुगा बंदरात उतरू न देता त्याच बोटीने परत पाठवण्यात आले. कोबे येथील डच वाणिज्यदूताने कागदांची सोय केल्यावर ते पुन्हा आले. ट्रान्झिट व्हिशाची मुदत थोड्या दिवसांचीच होती. हिब्रू भाषेचे जपानी अभ्यासक सेत्सुझो कोत्सुजी यांनी आपल्या ओळखी वापरून ती वाढवून घेतली. कोणी अमेरिकेला गेले, कोणी पॅलेस्टाइनला, कोणी कॅनडा वा ऑस्ट्रेलियाला. ज्यांना कोठेच प्रवेश मिळाला नाही त्यांना १९४१ मध्ये शांघायला पाठवण्यात आले. मीर येथील प्रसिद्ध ज्यू धर्मपीठ आपल्या विद्यार्थ्यांसह असेच वाचले. जून १९४१ मध्ये जर्मनीने लिथुआनिया व्यापला आणि तेथे राहिलेल्या ज्यूंपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मारले गेले.

सुगिहारा यांची पुढील वर्षे प्राग, क्योनिग्सबर्ग आणि बुखारेस्ट येथे गेली. युद्ध संपताना सोव्हिएत सैन्याने त्यांना कुटुंबासह छावणीत ठेवले. १९४७ मध्ये मायदेशी परतल्यावर परराष्ट्र खात्याने त्यांना राजीनामा द्यायला सांगितला. नोकरकपात हे अधिकृत कारण होते. लिथुआनियातील व्हिसेच भोवले, अशी कुटुंबाची धारणा होती. त्याच वर्षी सात वर्षांचा हारुकी आजारपणात गेला. विजेचे दिवे विकण्यासारखी कामे करून त्यांनी दिवस काढले. अखेर रशियन भाषा कामी आली. १९६० च्या सुमारास एका व्यापारी कंपनीने त्यांना मॉस्कोला पाठवले. ज्या शहराने कधीकाळी व्हिसा नाकारला होता, तेथे ते पंधरा वर्षांच्या आसपास राहिले. कौनासविषयी ते फारसे कोणाशी बोलत नसत.

वाचलेली माणसे मात्र त्यांचा शोध घेत होती. अडचण नावाचीच होती. परकीयांना उच्चारायला सोपे जावे म्हणून चिउने या नावाच्या चिनी अक्षरांचे सेम्पो असे दुसरे वाचन ते वापरत आणि त्या नावाच्या अधिकाऱ्याचा पत्ता टोकियोत लागत नव्हता. १९६८ मध्ये टोकियोतील इस्रायली दूतावासातील येहोशुआ निशरी यांनी त्यांना शोधून काढले. त्यांनीही कौनासला व्हिसा घेतला होता. पुढच्या वर्षी सुगिहारा इस्रायलला गेले, तेव्हा त्यांच्या स्वागताला होते धर्मखात्याचे मंत्री झोराख वारहाफ्टिग. १९८४ मध्ये याद वाशेम संस्थेने ज्यूंना वाचवणाऱ्या परधर्मीयांना दिला जाणारा सन्मान त्यांना जाहीर केला. प्रकृतीमुळे तो स्वीकारायला पत्नी व मुलगा गेले. ३१ जुलै १९८६ रोजी त्यांचे निधन झाले. अंत्यसंस्काराला इस्रायलच्या राजदूतांसह मोठा जमाव आला, तेव्हा अनेक शेजाऱ्यांना त्यांचे काम प्रथमच कळले.

जपान सरकारला हे मान्य करायला आणखी काही वर्षे लागली. १९९१ मध्ये परराष्ट्र खात्याच्या वतीने कुटुंबाकडे दिलगिरी व्यक्त करण्यात आली आणि २००० मध्ये टोकियोतील खात्याच्या अभिलेखागारात त्यांच्या नावाची पाटी बसवण्यात आली. झ्वार्टेन्डाइक १९७६ मध्येच वारले होते. त्यांना याद वाशेमचा सन्मान १९९७ मध्ये मिळाला. कौनासमधील दूतावासाची ती इमारत आता संग्रहालय आहे. क्युरासाओ, सुरिनाम आणि त्सुरुगा ही नावे लिहिलेले जुने पासपोर्ट वाचलेल्यांच्या नातवंडांनी जपून ठेवले आहेत. त्यांतील पहिल्या दोन ठिकाणी बहुतेकांनी कधी पाऊलही ठेवले नाही.