उद्योगवीर वालचंद

सोलापूर हे मागांचे आणि गिरण्यांचे गाव. मोरारजी गोकुळदास यांनी १८७७ साली येथे कापडाची गिरणी सुरू केली. पुढे लोक तिला जुनी मिल म्हणू लागले. ज्या गावात घरोघरी हातमाग चालत, त्याच गावात वाफेच्या बळावर एका छपराखाली असंख्य चात्या एकदम फिरू लागल्या. माणसाचे हात तेच. पण हाती आलेले साधन बदलताच कामाचे माप बदलले. या नव्या युगाच्या उंबरठ्यावर, २३ नोव्हेंबर १८८२ रोजी, सोलापुरातील एका जैन व्यापारी कुटुंबात वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म झाला.

वडील हिराचंद नेमचंद यांचा कापसाचा व्यापार होता आणि सावकारीची पेढीही होती. वालचंद जन्मले आणि थोड्याच दिवसांत त्यांचे मातृछत्र हरपले. सोलापुरात शालेय शिक्षण पुरे करून ते महाविद्यालयात गेले. परंतु पदवी न घेताच परतले. आरंभी त्यांनी व्यापार करून पाहिला, त्यात त्यांना ठोकर बसली. वडिलांच्या गादीवर बसून व्याजाचे हिशेब लिहिले असते, तरी आयुष्य सुखात गेले असते. पण पेढीवर त्यांचे मन रमेना. काहीतरी नवे उभारावे, ही ओढ त्यांना स्वस्थ बसू देत नव्हती.

त्या काळी बार्शीची बाजारपेठ भरभराटीस आलेली होती. तेथील माल बैलगाड्यांनी दूरच्या रेल्वे स्थानकापर्यंत न्यावा लागे. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी ही अडीच फूट रुंदीची छोटी रेल्वे सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने तिच्या डब्यांची रचना अशी केली होती, की मालाचा भार सर्व आसांवर सारखा विभागला जाई. त्यामुळे हलक्या रुळांवरूनही पुष्कळ माल वाहून नेता येई. थोड्या लोखंडातून, केवळ युक्तीने, अधिक काम करून घेण्याचा हा धडा होता. या रेल्वेचा मार्ग पुढे वाढू लागला, तेव्हा लक्ष्मणराव बळवंत फाटक या माजी रेल्वे कारकुनाशी भागी करून वालचंदांनी तिच्या कामाचा मक्ता घेतला. फाटकांपाशी कामाची माहिती होती, वालचंदांपाशी भांडवल आणि धडाडी होती. या जोडीने पुढे अनेक कामे यशस्वी केली.

१९२० साली टाटांच्या सहकार्याने मोठी बांधकाम कंपनी उभी राहिली आणि बोरघाटातील रेल्वेचे बोगदे खोदण्याचे अवघड काम वालचंदांच्या वाट्यास आले. सह्याद्रीचा काळा पाषाण फोडायचा होता. उघड्या रानात भराव घालायचा असेल, तर मजूर दुप्पट लावले की काम लवकर उरकते. बोगद्यात मात्र तसे होत नाही. त्याच्या तोंडाशी मोजकीच माणसे उभी राहू शकतात. तेथे कामाची गती माणसांच्या संख्येवर अवलंबून नसते. ती त्यांच्या हातातील हत्यारांवर, फोडलेला दगड बाहेर काढण्याच्या व्यवस्थेवर आणि आखणीच्या अचूकपणावर अवलंबून असते. अशा कामांतून वालचंदांची दृष्टी तयार झाली.

मुंबईला तानसा तलावाचे पाणी पुरवणाऱ्या प्रचंड नळांचे कामही त्यांच्या कंपनीने केले. १९२६ साली त्यांनी इंडियन ह्यूम पाइप कंपनी स्थापन केली. ह्यूम नळाची कृती मोठी मनोवेधक आहे. पोलादी साच्यात सळ्यांचा पिंजरा बसवतात, साचा आडवा ठेवून वेगाने फिरवतात आणि त्यात सिमेंटचा काला ओततात. फिरण्याच्या जोराने काला साच्याच्या भिंतीवर घट्ट दाबला जातो आणि जास्तीचे पाणी आतल्या बाजूस सुटते. नळ मजबूत आणि आतून गुळगुळीत होतो. जो दाब हातांनी ठोकून देता आला नसता, तो चक्राच्या गतीने दिला. गावोगावच्या पाणीपुरवठ्याला असे नळ उपयोगी पडले.

तत्पूर्वी, १९१९ साली, त्यांनी नौकानयनाच्या धंद्यात उडी घेतली होती. जुन्या मिलचे संस्थापक मोरारजी गोकुळदास यांचे पुत्र नरोत्तम मोरारजी हे त्यांचे सहकारी होते. ५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया कंपनीची लॉयल्टी ही आगबोट मुंबईहून लंडनकडे निघाली. परंतु बोटी विकत घेऊन चालवणे एवढ्यावर वालचंदांचे समाधान नव्हते. यंत्रे चालवणारा देश आणि यंत्रे घडवणारा देश यांतील अंतर त्यांना सलत होते.

१९४० च्या डिसेंबरात म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने त्यांनी बंगळूर येथे विमानांचा कारखाना काढला. अमेरिकी तंत्रज्ञांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय कारागीर काम शिकले आणि १९४१ सालीच तेथे जोडलेले पहिले विमान आकाशात गेले. यंत्रे बाहेरून आणता येतात. ती चालवणारे हात मात्र शिकवूनच तयार करावे लागतात, हे येथे दिसून आले. पण महायुद्ध पेटलेले होते. १९४२ साली सरकारने कारखान्याचा कारभार आपल्या हाती घेतला. विशाखापट्टणमच्या जहाज-कारखान्याची कोनशिला २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली होती. पुढील एप्रिलमध्ये त्या शहरावर जपानी बॉम्ब पडले आणि तेथील कामात खंड पडला. दोन्ही मनोरथांवर असे एकाच वर्षी आघात झाले. तरीही वालचंदांनी जहाजाचा ध्यास सोडला नाही. १४ मार्च १९४८ रोजी जलउषा हे विशाखापट्टणमला बांधलेले जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते समुद्रात उतरले. ज्या कामावर बॉम्बची छाया पडली होती, ते सहा वर्षांनी पाण्यावर तरंगू लागले.

१९४९ साली पक्षाघाताने त्यांचे शरीर खिळखिळे झाले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले.

पदवी न घेता महाविद्यालय सोडणाऱ्या या पुरुषाचे नाव सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयास लाभले. १९८३ साली सोलापुरातही त्यांच्या नावाने तंत्रशिक्षणाची संस्था सुरू झाली. पेढीची गादी सोडून कामाच्या जागी उभ्या राहिलेल्या या सोलापूरकराचे याहून उचित स्मारक कोणते असणार? हातांना साधनाची आणि साधनाला शिक्षणाची जोड द्यावी, हाच त्यांच्या चरित्राचा बोध होय.