विश्लेषण : व्हीलचेअरची शर्यत रुग्णालयाच्या खाटेवरून कशी सुरू झाली? पॅरालिम्पिकचे जनक ल्युडविग गुटमन कोण होते?

पॅरालिम्पिकमधील व्हीलचेअर शर्यत पाहताना नजर जाते ती तीन चाकांच्या हलक्या खुर्चीकडे आणि खेळाडूच्या दंडांकडे. पण ८० वर्षांपूर्वी पाठीचा कणा मोडलेला माणूस शर्यतीत उतरणे तर सोडाच, वर्षभर जगेल अशीही कुणाला आशा नसे. हे चित्र बदलण्यात सर्वांत मोठा वाटा होता डॉ. ल्युडविग गुटमन यांचा. ते स्वतः खेळाडू म्हणून प्रसिद्ध नव्हते. ते मेंदू आणि मज्जासंस्थेचे डॉक्टर होते.

खाणकामगाराचा मृत्यू

गुटमन यांचा जन्म ३ जुलै १८९९ रोजी तेव्हाच्या जर्मनीतील टोस्ट या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. १९१७ मध्ये ते कोळसा खाणींच्या भागातील एका रुग्णालयात स्वयंसेवक होते. तिथे कणा मोडलेला एक धडधाकट खाणकामगार दाखल झाला. त्याला प्लास्टरमध्ये बांधून, पडदा लावून बाजूला ठेवण्यात आले. पाचेक आठवड्यांत रक्तात जंतुसंसर्ग पसरून तो गेला. हा प्रसंग गुटमन आयुष्यभर विसरले नाहीत.

जर्मनी का सोडावी लागली?

गुटमन ब्रेस्लाऊ शहरात नामवंत न्यूरोलॉजिस्ट झाले. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि ज्यू डॉक्टरांना इतर रुग्णालयांची दारे बंद झाली. गुटमन तिथल्या ज्यू रुग्णालयात रुजू झाले. नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यूंवर देशभर हल्ले झाले. त्या रात्री दारात येईल त्याला दाखल करून घ्या, असा आदेश त्यांनी कर्मचाऱ्यांना दिला. दुसऱ्या दिवशी गेस्टापो तपासणीला आले, तेव्हा प्रत्येकाच्या आजाराची कारणे सांगत त्यांनी सुमारे ६० जणांची अटक टाळली. मार्च १९३९ मध्ये पत्नी आणि दोन मुलांसह ते इंग्लंडला पोहोचले आणि ऑक्सफर्डमध्ये संशोधन करू लागले.

दर दोन तासांनी कूस

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवण्याची तयारी सुरू होती. जखमींची संख्या वाढणार हे उघड होते. म्हणून ब्रिटिश सरकारने आयल्सबरीजवळच्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात कण्याच्या दुखापतींसाठी स्वतंत्र केंद्र उभारले. १ फेब्रुवारी १९४४ रोजी ते सुरू झाले आणि त्याची सूत्रे गुटमन यांच्याकडे आली.

असे रुग्ण नेमके कशाने दगावत? कण्यातील मज्जारज्जू तुटला की खालच्या अंगाची संवेदना जाते. एकाच जागी भार पडत राहिला, तर तिथला रक्तपुरवठा थांबतो, पण रुग्णाला ते कळत नाही. कातडी सडते, खोल जखमा होतात. त्यातच मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. म्हणजे जीव घेणारी गोष्ट बहुतेकदा टाळता येण्याजोगी होती.

गुटमन यांचा उपाय साधा, पण मेहनतीचा होता. दिवस असो की रात्र, प्रत्येक रुग्णाची दर दोन तासांनी कूस बदलायची. लघवीची निगा काटेकोर ठेवायची. हे होते की नाही, हे पाहायला ते मध्यरात्रीही वॉर्डात येत. त्यांचा स्वभाव करडा होता आणि कर्मचारी त्यांना वचकून असत. पण रुग्ण जगू लागले.

खेळ कशासाठी?

जगल्यानंतर पुढे काय, हा त्याहून अवघड प्रश्न होता. खाटेवर पडून राहणे गुटमन यांना मान्य नव्हते. सुतारकाम, घड्याळदुरुस्ती, टायपिंग शिकवून रुग्णाला कामावर परत पाठवणे हे त्यांचे ध्येय होते. खेळ हा त्याच उपचाराचा भाग होता. खेळामुळे हात आणि धड बळकट होई, तोल सावरता येई आणि मनाची मरगळ जाई. व्हीलचेअर पोलो फारच दांडगाईचा ठरल्याने बंद झाला. तिरंदाजी आणि बास्केटबॉल टिकले.

२९ जुलै १९४८ रोजी लंडन ऑलिम्पिकचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर १४ पुरुष आणि दोन महिलांची तिरंदाजी स्पर्धा झाली. १९५२ मध्ये नेदरलँड्सचा संघ आल्याने ती आंतरराष्ट्रीय झाली. १९६० मध्ये ऑलिम्पिकनंतर काही दिवसांतच रोममध्ये सुमारे ४०० खेळाडू जमले. पुढे हीच पहिली पॅरालिम्पिक मानली गेली.

शर्यत कधी आली?

रोममध्ये अॅथलेटिक्स होते, पण शर्यत नव्हती. ती आली १९६४ च्या टोकियो पॅरालिम्पिकमध्ये, अवघ्या ६० मीटरची. १९७५ मध्ये अमेरिकेच्या बॉब हॉल यांनी बोस्टन मॅरेथॉन व्हीलचेअरवर तीन तासांच्या आत पूर्ण केली. १९७६ च्या टोरंटो पॅरालिम्पिकमध्ये शर्यतीचे अंतर १५०० मीटरपर्यंत गेले.

त्याआधी १९७२ मध्ये ही स्पर्धा जर्मनीतील हायडेलबर्गला झाली. ज्या देशातून गुटमन यांना बाहेर पडावे लागले होते, तिथेच त्यांनी उभी केलेली स्पर्धा भरली. सांगली जिल्ह्यातील पेठचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले होते. त्यांनी याच स्पर्धेत ५० मीटर जलतरणात भारताला पॅरालिम्पिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. चंदू चॅम्पियन हा चित्रपट त्यांच्यावरच आहे.

मर्यादा आणि वारसा

ही स्पर्धा बराच काळ प्रामुख्याने कण्याच्या रुग्णांपुरतीच होती. हात-पाय गमावलेले आणि अंध खेळाडू यांना १९७६ पर्यंत थांबावे लागले. गुटमन यांना १९६६ मध्ये सर हा किताब मिळाला. १८ मार्च १९८० रोजी त्यांचे निधन झाले.

आज शर्यतीची खुर्ची पार बदलली आहे. मात्र व्हीलचेअर वापरणाऱ्याला अजूनही आधी शिकवतात ते हेच : थोड्या थोड्या वेळाने अंग उचला, कातडी रोज तपासा. घरात कुणी अंथरुणाला खिळले असेल, तर कूस बदलण्याचा हा नियम तिथेही तितकाच लागू आहे.